मालगाडीचे गाणे कोणाचे?

एका मोलकरणीच्या गिटारीची गोष्ट आणि आपल्या गायनपार्ट्यांना एक विनंती



दरवर्षी १४ एप्रिलला आपल्या वस्त्यावस्त्यांतून भोंगे लागतात. सकाळपासून रात्रीपर्यंत भीमगीते वाजतात. लहान पोरापासून म्हाताऱ्यापर्यंत सर्वांना ती तोंडपाठ असतात. मागे एका जयंतीला आम्ही मंडपात बसलो होतो. एक गाणे लागले आणि शेजारच्या पोरांनी ते पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत म्हटले. आम्ही सहज विचारले, "बाळांनो, हे गाणे लिहिले कोणी?" एकाने गायकाचे नाव सांगितले. दुसऱ्याने मोबाईलवर पाहून कंपनीचे नाव सांगितले. लिहिणाऱ्याचे नाव कोणालाच सांगता आले नाही. आम्हाला ते ठाऊक होते, कारण ते गृहस्थ आमच्या ओळखीचे होते. आज ते हयात नाहीत. त्यांच्या घरावर आजही पत्रे आहेत आणि त्यांच्या गाण्यावर दुसऱ्याचे नाव आहे.

त्या दिवशी आम्हाला सातासमुद्रापलीकडच्या एका बाईंची आठवण झाली. त्यांचे नाव एलिझाबेथ कॉटन. अमेरिकेतील काळ्या समाजात जन्मलेल्या, आयुष्यभर लोकांच्या घरी धुणेभांडी आणि स्वयंपाक केलेल्या आणि गिटार वाजविण्यात जगभर नाव झालेल्या या बाई. त्यांचेही एक गाणे असेच दुसऱ्याच्या नावावर चढले होते. फरक एवढाच की ते त्यांना परत मिळाले. ते कसे मिळाले, हे आपल्या समाजातील प्रत्येक गायनपार्टीने, प्रत्येक कवीने आणि जात्यावर ओव्या गाणाऱ्या प्रत्येक माउलीच्या लेकराने समजून घ्यावे, म्हणून हा लेखनप्रपंच.

अमेरिकेतील काळ्या बांधवांची आणि आपली ओळख आजची नाही. परमपूज्य बाबासाहेब १९१३ साली न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात शिकायला गेले. पुढे १९४६ साली त्यांनी काळ्या समाजाचे थोर विचारवंत डब्ल्यू. ई. बी. डू बॉइस यांना पत्र लिहिले आणि डू बॉइस यांनी त्यांना उत्तरही पाठविले. १९७२ साली आपल्या तरुणांनी मुंबईत 'दलित पँथर' काढली, ते नावही तिकडच्या 'ब्लॅक पँथर' वरून घेतले. तेव्हा ही गोष्ट परक्याची म्हणून वाचू नये.

शाळेच्या पटावरचे नाव

अमेरिकेच्या दक्षिणेकडे नॉर्थ कॅरोलायना नावाचे राज्य आहे. तिथे चॅपेल हिल या गावाशेजारी, आज ज्याला कारबोरो म्हणतात तिथे, या बाईंचा जन्म झाला. साल १८९३. काही पुस्तकांतून १८९५ असेही लिहिलेले आढळते. आपल्याकडे म्हाताऱ्या माणसाला जन्मसाल विचारले तर तो "दुष्काळाच्या साली" किंवा "रझाकाराच्या आधी दोन वर्षं" असे सांगतो. गरिबाच्या जन्माची नोंद ठेवायला तिथेही कोणाला सवड नव्हती.

गुलामगिरी कायद्याने १८६५ साली संपली होती. पण १८९६ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने गोऱ्यांसाठी वेगळा आणि काळ्यांसाठी वेगळा रेल्वेचा डबा असणे कायदेशीर आहे असा निकाल दिला. वेगळा डबा, वेगळी शाळा, वेगळा पाण्याचा नळ. पाणवठ्याचा विषय निघाला की आपल्याला अधिक सांगावे लागत नाही. चवदार तळ्याचा इतिहास आपल्या घराघरात आहे.

पाच भावंडांत ही मुलगी सर्वांत धाकटी. घरात तिला नाव असे कोणी दिलेलेच नव्हते. सगळे 'धाकटी ताई' अशा अर्थाने 'लिल सिस' म्हणून हाक मारीत. शाळेच्या पहिल्या दिवशी गुरुजींनी पटावर लिहिण्यासाठी नाव विचारले, तेव्हा त्या पोरीने स्वतःच स्वतःला नाव दिले, एलिझाबेथ. आमच्या मते तिच्या पुढच्या साऱ्या आयुष्याची सुरुवात या एका नोंदीपासून झाली. आपल्यातही कितीतरी जणांची नावे आणि जन्मतारखा गुरुजींनी मनाला येईल तशा पटावर घातल्या. या पोरीने आपले नाव आपण घातले.

पावणेचार डॉलरची गिटार

घरात गाण्याबजावण्याची आवड होती. थोरल्या भावाकडे बँजो नावाचे तारांचे वाद्य होते. भाऊ कामावर गेला की ही पोर चोरून ते वाजवायची. तारा तुटायच्या. पुढे भाऊ घर सोडून गेला आणि वाद्यही गेले. मग तिने ठरविले की आपले स्वतःचे वाद्य घ्यायचे.

तोवर शाळा सुटली होती. बारा वर्षांच्या आतबाहेर ती गोऱ्यांच्या घरी कामाला लागली. पगार महिन्याला सुमारे एक डॉलर. आईने तो जपून ठेवला आणि त्यातून तिला पहिली गिटार मिळाली. किंमत ३ डॉलर ७५ सेंट. म्हणजे जवळजवळ चार महिन्यांचा पगार. आमचे शिक्षण कॉमर्सचे आणि काम कारकुनाचे, त्यामुळे आकडा दिसला की हिशेब केल्याशिवाय राहवत नाही. चार महिने दुसऱ्याची भांडी घासायची आणि त्यातला छदामही न खर्चता एक वाद्य घ्यायचे, ही त्या वयाच्या पोरीची जिद्द आपल्या मुलींना जरूर सांगावी.

त्यांच्या घराजवळून रेल्वेची लाईन जात होती. परळी वैजनाथच्या स्टेशनाजवळ राहणाऱ्यांना मालगाडीचा आवाज ठाऊक आहे. रात्री सगळे निजले की लांबून येणारी धडधड, मग शिटी, मग डब्यामागून डबे. तो आवाज ऐकत ऐकत त्या पोरीने कोवळ्या वयात एक गाणे बांधले. त्याचे नाव 'फ्रेट ट्रेन', म्हणजे मालगाडी. हे गाणे लक्षात ठेवावे. पुढची सगळी हकिकत त्याच्याभोवती फिरते.

उलटा हात

त्यांची वाजविण्याची तऱ्हा समजून घेण्यासारखी आहे. गिटारीला सहा तारा असतात, वरच्या बाजूला जाड आणि खालच्या बाजूला बारीक. वाजविणारा उजव्या हाताच्या अंगठ्याने जाड तारांवर ठेका धरतो आणि बोटांनी बारीक तारांवर चाल काढतो. म्हणजे आपल्याकडे ढोलकीवाला आणि पेटीवाला मिळून जे करतात, ते एक माणूस एका हाताने करतो.

पण एलिझाबेथ डावखुऱ्या होत्या. डावखुऱ्या माणसाने गिटारीच्या तारा काढून उलट्या क्रमाने लावायच्या असतात. त्यांना हे सांगणारे कोणी नव्हते. शिवाय आधी हाती आलेले वाद्य भावाचे होते, त्याच्या तारा बदलायच्या कशा? त्यांनी वाद्यच उलटे धरले. त्यामुळे जाड तारा खाली आल्या आणि बारीक वर. मग त्यांनी बोटांनी ठेका धरला आणि अंगठ्याने चाल काढली. सगळी दुनिया करते त्याच्या बरोबर उलटे. कोणी उस्ताद नाही, शिकवणी नाही, पुस्तक नाही. पण ठेका असा घट्ट आणि चाल अशी मोकळी की ऐकणाऱ्याला दोन माणसे वाजवीत आहेत असे वाटते.

या पद्धतीला पुढे जगभर 'कॉटन पिकिंग' असे नाव पडले. यात एक गंमत आहे. इंग्रजीत तार छेडण्यालाही 'पिकिंग' म्हणतात आणि कापूस वेचण्यालाही. कॉटन हे बाईंचे सासरचे आडनाव, आणि कॉटन म्हणजे कापूस. ज्या समाजाच्या पिढ्यान्‌पिढ्या दुसऱ्याच्या शेतात कापूस वेचण्यात गेल्या, त्याच्या एका लेकीच्या नावाने गिटार वाजविण्याची पद्धत ओळखली जाऊ लागली. ज्या संगीताला 'ब्लूज' म्हणतात तेही त्याच रानातून आले. कापसाच्या शेतातील मजुरांच्या हाळ्या, कामाची गाणी, प्रार्थनेची गाणी, यांतून ते घडले. आपल्या जिल्ह्यात ऊस तोडताना आणि कापूस वेचताना बाया जे गातात त्याचेच ते भावंड समजावे.

वाद्य थांबले

१९१० साली, वयाच्या सतराव्या वर्षी, त्यांचे लग्न फ्रँक कॉटन यांच्याशी झाले. लिली नावाची एक मुलगी झाली. संसार, मुलगी आणि दुसऱ्यांच्या घरची कामे यांत गिटारीला वेळ कुठला? त्यातच चर्चमधल्या मंडळींनी सांगितले की असली संसारी गाणी वाजविणे देवाच्या लेकराला शोभत नाही, एक काहीतरी निवड. त्यांनी गिटार ठेवून दिली. ती थोडीथोडकी नाही, पंचवीस वर्षांहून अधिक काळ त्यांच्या हातात आली नाही.

इथे आम्ही जरा थांबतो आणि आपल्या घरात डोकावून पाहतो. आपण देवळे सोडली, धम्म घेतला. पण लग्नाआधी ढोलकी वाजविणारी आपली किती मुलगी सासरी गेल्यावर ढोलकीला हात लावते? "चार लोक काय म्हणतील" हे सांगायला चर्च लागतेच असे नाही. ते काम सासू, दीर आणि शेजारीही करतात.

हरवलेले लेकरू

मुलीचे लग्न झाल्यावर बाई नवऱ्यापासून वेगळ्या झाल्या आणि पुढे वॉशिंग्टन शहरात मुलीकडे राहू लागल्या. तिथे काही काळ त्या एका मोठ्या दुकानात कामाला होत्या. एके दिवशी त्या दुकानाच्या गर्दीत एक लहान मुलगी आईपासून चुकली. बाईंनी तिला आईकडे नेऊन पोचविले. त्या मुलीचे नाव पेगी आणि आईचे नाव रूथ क्रॉफर्ड सीगर. रूथ स्वतः संगीतकार होत्या आणि त्यांचे पती चार्ल्स सीगर संगीताचे गाढे अभ्यासक. ओळख वाढली आणि बाई सीगर यांच्या घरी कामाला लागल्या. धुणे, इस्त्री, स्वयंपाक. घरातली मुले त्यांना 'लिब्बा' म्हणू लागली.

सीगर यांच्या घरात वाद्ये भिंतीवर टांगलेली असत आणि दिवसभर लोकगीतांचीच चर्चा असे. तरी ज्या बाई त्यांच्या स्वयंपाकघरात होत्या, त्यांना गिटार वाजविता येते हे त्या घराला बराच काळ ठाऊक नव्हते. एके दिवशी कोणी नाहीसे पाहून बाईंनी भिंतीवरची गिटार काढली आणि वाजविली. मुलांनी ऐकले. गोरगरिबांची गाणी जमविणाऱ्या घराला आपल्याच चुलीपाशी उभ्या असलेल्या कलावंताची ओळख अशी योगायोगाने झाली. चांगल्या मनाच्या माणसांनाही मोलकरणीला "मावशी, तुम्हाला गाणे येते का?" असे विचारणे सुचत नाही. आमच्या कचेरीत झाडलोट करणाऱ्या बाईंना आम्हीही ते कधी विचारले नव्हते, हे इथे कबूल करतो.

गाणे दुसऱ्याच्या नावावर

लिब्बाबाईंकडून 'मालगाडी' हे गाणे घरातल्या मुलांनी उचलले. पेगी मोठी झाली आणि १९५० नंतरच्या त्या दशकात इंग्लंडला गेली. तिथे ती हे गाणे गाऊ लागली. तिच्या मनात काही काळे नव्हते. लोकांना गाणे आवडले आणि ते एका तोंडातून दुसऱ्या तोंडात गेले. तिथल्या दोन इसमांनी ते कागदावर उतरविले, गीतकार म्हणून स्वतःची नावे घातली आणि हक्क आपल्या नावे नोंदवून टाकले.

१९५७ साली चास मॅकडेव्हिट यांच्या वाद्यवृंदाने, नॅन्सी व्हिस्की या गायिकेच्या आवाजात, हे गाणे ध्वनिमुद्रिकेवर आणले. इंग्लंडमध्ये ते पहिल्या पाच गाण्यांत पोचले. अमेरिकेतही खपले. पैसा निर्माण झाला आणि तो कागदावर ज्यांची नावे होती त्यांच्याकडे वळला. ज्या बाईंनी पन्नास वर्षांपूर्वी रात्री मालगाडीचा आवाज ऐकत ते गाणे बांधले होते, त्या तेव्हा वॉशिंग्टनमध्ये दुसऱ्याच्या घरी कामच करीत होत्या.

कारकुनी करणाऱ्या माणसाला एक गोष्ट पक्की ठाऊक असते. आवक क्रमांक नसलेला अर्ज हा अर्ज नसतो. तुम्ही कितीही खरे असा, नोंदवहीत ओळ नसेल तर साहेबासमोर तुमचे काही चालत नाही. त्या दोन इसमांना गिटार बाईंसारखी वाजविता येत नव्हती, पण त्यांना नोंदीची किंमत ठाऊक होती.

मग सीगर कुटुंब जागे झाले. गाणे कोणाचे, ते कोणाकडून शिकलो, कधी शिकलो, हे सांगायला साक्षीदार होते. बाई स्वतः हयात होत्या. हक्कासाठी झगडून त्या कुटुंबाच्या मदतीने बाईंचे नाव त्यांच्या गाण्याला परत मिळाले. तरी आधी निघालेल्या मुद्रिकांवर दुसऱ्यांची नावे राहिलीच. गेलेले नाव सगळे परत येत नाही.

पासष्टीतील पहिली मुद्रिका

पेगीचा भाऊ माइक सीगर याने त्याच सुमारास एक मोठे काम केले. टेपरेकॉर्डर घेऊन तो बाईंच्या घरी गेला आणि त्यांच्या निजायच्या खोलीत बसून त्यांचे वादन मुद्रित केले. १९५८ साली 'फोकवेज' या कंपनीने ती मुद्रिका काढली. तिच्यावर नाव होते एलिझाबेथ कॉटन. बाईंचे वय तेव्हा सुमारे पासष्ट होते. आपल्याकडे या वयाच्या माणसाला "आता बसा एका जागी" असे सांगतात.

१९६० साली स्वार्थमोर कॉलेजात माइकबरोबर त्यांनी पहिला जाहीर कार्यक्रम केला. १९६४ साली न्यूपोर्टच्या प्रसिद्ध लोकसंगीत महोत्सवात त्या वाजवून आल्या. तरी अनेक वर्षे घरकाम सुटले नव्हते. आठवडाभर भांडी आणि मधूनच टाळ्यांचा कडकडाट असे त्यांचे चालले होते.

१९६७ साली त्यांची दुसरी मुद्रिका आली, 'शेक शुगरी'. हे गाणे कसे झाले, ते घरोघरच्या आज्यांनी ऐकावे. रात्री निजायच्या वेळी पतवंडे भोवती जमत. थोरल्या पणतवाने पहिले कडवे जुळविले आणि मग एकेका लेकराने आपापली भर घातली. मुद्रिकेवर हे गाणे बाईंच्या बारा वर्षांच्या पणतीने, ब्रेंडा इव्हान्सने गायिले. आणि हे लक्षात घ्या की बाई स्वतः लोकांना सांगत, हे पोरांनी केले आहे. ज्यांचे गाणे एकदा गेले होते, त्यांनी लेकरांच्या वाट्याचे श्रेय लेकरांना दिले.

पुढे कार्यक्रमांच्या आणि मुद्रिकांच्या कमाईतून त्यांनी न्यूयॉर्क राज्यातील सिरॅक्यूज या शहरात स्वतःचे घर घेतले आणि मुलगी-नातवंडांसह तिथे राहिल्या. १९८४ साली लोककलांसाठीचा राष्ट्रीय वारसा सन्मान त्यांना मिळाला. १९८५ साली, नव्वदी ओलांडल्यावर, संगीतातील मोठा समजला जाणारा ग्रॅमी पुरस्कार मिळाला. २९ जून १९८७ रोजी सिरॅक्यूजमध्ये त्यांचे निधन झाले. २०२२ साली 'रॉक अँड रोल हॉल ऑफ फेम' या संस्थेने त्यांचे नाव आपल्या मानाच्या यादीत घेतले. आज त्यांच्या जन्मगावी रेल्वेलाईनच्या कडेने सायकलींचा एक रस्ता आहे. त्या रस्त्याला त्यांचे नाव आहे.

आपल्या माजलगावची नोंद

आता कोणी म्हणेल, हे अमेरिकेत झाले, आपल्याकडे माइक सीगर कुठून आणायचा? बंधूंनो, आपल्या बीड जिल्ह्यात हे झालेले आहे आणि आपल्यालाच त्याची माहिती कमी आहे.

पुण्याकडच्या हेमा राईरकर आणि गी प्वातवाँ या अभ्यासकांनी महाराष्ट्राच्या हजाराहून अधिक गावांतून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या जमविल्या. त्यांचे सहकारी १९९६ साली आपल्या माजलगावच्या भीमनगरात आले. तिथल्या बायांनी बाबासाहेबांवर, रमाईवर, बुद्धावर इतक्या ओव्या सांगितल्या की तो एक खजिनाच निघाला. राधाबाई बोऱ्हाडे आणि त्यांच्या सोबतिणींच्या या ओव्या पुढे पी. साईनाथ यांनी सुरू केलेल्या 'परी' या ग्रामीण भारताच्या संग्रहातून जगापुढे आल्या. ओवीबरोबर गाणारीचे नाव, गाव, तालुका, जिल्हा आणि तारीख लिहून ठेवली आहे. म्हणून आज कोणीही उठून त्या ओव्या आपल्या म्हणू शकत नाही.

ज्या जिल्ह्यात ऊसतोडीला जाणारी बाई मुकादमाच्या वहीत 'अर्धा कोयता' असते, उचल नवऱ्याच्या नावावर असते आणि तिचे नाव वहीत कुठेच नसते, त्या जिल्ह्यातल्या बायांची नावे त्यांच्या ओव्यांपुढे लिहिली गेली, याचे मोल आम्हाला फार वाटते.

गाण्यात नाव गुंफायची रीत आपल्याकडे जुनी आहे. चोखोबांच्या आणि सोयराबाईंच्या अभंगांच्या शेवटी त्यांची ओळख येते. सिन्नर तालुक्यातल्या देशवंडी गावी १९२२ साली जन्मलेले महाकवी वामनदादा कर्डक मोठेपणी मुंबईत अक्षरे शिकले आणि हजारो गीते रचून २००४ साली आपल्यातून गेले. त्यांच्या अनेक गीतांच्या शेवटच्या कडव्यात 'वामन' येतो. ही नावे हौसेने घातलेली नाहीत, ती नोंद आहे. पण गाणाऱ्याने वेळ वाचविण्यासाठी शेवटचे कडवे गाळले की नोंद पुसली जाते.

आपण काय करावे

आपल्या देशात कॉपीराइटचा कायदा १९५७ सालचा आहे. त्यातल्या काही गोष्टी गरिबाच्या उपयोगाच्या आहेत. गाणे लिहून झाले की त्याचा हक्क लिहिणाऱ्याकडे आपोआप येतो. त्यासाठी नोंदणी सक्तीची नाही, मात्र नोंदणी केली तर ती पुरावा म्हणून धरली जाते. हा हक्क कवीच्या हयातीत आणि त्याच्या पश्चात ६० वर्षे वारसांकडे राहतो. हक्क दुसऱ्याला द्यायचा तर करार लेखी लागतो. करारात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षे धरतात. आणि सर्वांत महत्त्वाचे, ५७ व्या कलमाप्रमाणे हक्क विकला तरी "हे गाणे मी लिहिले" असे सांगण्याचा अधिकार कवीकडेच राहतो. २०१२ साली झालेल्या दुरुस्तीने गीतकार आणि संगीतकार यांचा मानधनातला वाटाही अधिक सुरक्षित झाला. अधिक खुलासा आपल्या ओळखीच्या वकिलाकडून करून घ्यावा. पण कोऱ्या कागदावर सही आणि हातात पाचशेची नोट, हा व्यवहार कोणी करू नये.

कायदा बाजूला ठेवला तरी घरच्या घरी करता येण्यासारखे पुष्कळ आहे. प्रत्येक गायनपार्टीने एक जाड वही घालावी. गाणे, लिहिणाऱ्याचे पूर्ण नाव आणि गाव, लिहिल्याची तारीख, पहिल्यांदा कुठे गायिले, एवढे लिहावे. चाल कोणाची तेही लिहावे. आपली बरीच गीते सिनेमाच्या चालींवर बांधलेली असतात, ते लपवू नये. दुसऱ्याची चाल आपली म्हणणे हाही तोच अन्याय आहे. वहीची एक प्रत विहारात ठेवावी. स्टेजवर गाण्याआधी कवीचे नाव घ्यावे, त्याला अर्धा मिनिट लागतो. शेवटचे कडवे गाळू नये.

आणि ज्यांच्या घरात आजी आहे, त्या घरातल्या शाळकरी मुलांना आमचे सांगणे आहे. तुमच्या हातात जो मोबाईल आहे, तो माइक सीगरच्या टेपपेक्षा कितीतरी सोपा आहे. या रविवारी आजीजवळ बसा. तिला म्हणा, "आजी, जात्यावरचं एखादं गाणं म्हण की." ती आधी "मला काय येतंय" म्हणेल. थोडे थांबा. मग ती गाईल. ते भरून घ्या आणि सुरुवातीला तिचे नाव, माहेरचे गाव, सासरचे गाव आणि तारीख आपल्या आवाजात सांगा. आजीला वाद्य वाजविता येत असेल तर तेही विचारा. घरात विचारणारे कोणी नसल्यामुळे लिब्बाबाईंची बोटे पंचवीस वर्षे गप्प होती.

पहिल्या मंडपातल्या त्या गाण्याचे काय झाले, असे वाचक विचारतील. त्या गृहस्थांच्या मुलाला आम्ही भेटलो. ट्रंकेत वडिलांची एक वही निघाली. कडा उंदरांनी खाल्लेल्या, पण मधली पाने शाबूत. त्यात ते गाणे होते, त्यांच्या अक्षरात, खाली सही आणि तारखेसह. पैशाचे पुढे काय होईल ते होवो. पुढच्या जयंतीला आमच्या वस्तीत ते गाणे लागण्याआधी त्यांचे नाव भोंग्यावरून सांगितले जाईल, एवढे मंडळाने ठरविले आहे. आपल्या मंडळानेही ठरवावे.

नमो बुद्धाय. जय भीम.